रोमन अंकांत सातबारा

ज्या गृहस्थास आपल्या घराच्या चौकटीवर बांधकामाचे वर्ष कोरावयाचे आहे, परंतु ते शेजाऱ्यांना सहजासहजी वाचता येऊ नये अशीही ज्याची आंतरिक इच्छा आहे. ज्या मुख्याध्यापकास वर्गाच्या दारावरील पाटीला आतल्या अध्यापनापेक्षा अधिक भारदस्तपणा आणावयाचा आहे. आणि ज्या कारकुनास परिशिष्टांची संख्या वाढविणे शक्य नसले तरी निदान त्यांच्या क्रमांकांची लांबी वाढविण्याची आकांक्षा आहे, अशा सर्व सत्पुरुषांच्या हितार्थ प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केले आहे. लेखक वाशिम जिल्ह्यातील एका शाळेत अंकगणित शिकवून निवृत्त झालेला असून रोमन अंकांनी त्याला पस्तीस वर्षे छळलेले आहे, एवढी पात्रता या कामी पुरेशी समजावी.

प्रथम साहित्य. रोमन लोकांनी संख्यालेखनाच्या खात्यावर सात अक्षरांची नेमणूक केली होती : आय म्हणजे एक, व्ही म्हणजे पाच, एक्स दहा, एल पन्नास, सी शंभर, डी पाचशे आणि एम हजार. देवनागरीखेरीज अन्य लिपीचे अक्षर न छापण्याचा येथील शिरस्ता असल्यामुळे ही मंडळी या लेखात केवळ नावाने हजर राहतील. निदान पहिल्या तिघांची मुखे ज्यांना पाहावयाची असतील त्यांनी घरातील जुन्या घड्याळाकडे मान वळवावी. शून्याची नेमणूक मात्र रोमनांनी अखेरपर्यंत केलीच नाही. म्हणजे रोमन पद्धतीत आय आहे, शून्य नाही. आमच्या वऱ्हाडातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या वहीत शून्य आहे, आय नाही. या दोन संस्कृतींचा मिलाफ घडविण्याचे कार्य आजवर कोणी हाती घेतले नाही याचा मला विषाद वाटतो.

आता नियम. मोठ्या अक्षराच्या पाठीमागे लहान अक्षर चालू लागले की बेरीज होते, आणि लहान अक्षर मोठ्याच्या पुढे जाऊन उभे राहिले की मोठ्याची किंमत तेवढ्याने घटते. ही वजाबाकी मराठी माणसाला परकी वाटण्याचे काही कारण नाही, कारण 'एकोणीस', 'एकोणतीस' म्हणताना आपण तेच करीत असतो. 'ऊन' म्हणजे उणे, आणि आपले पूर्वज वीस भरण्याआधीच एक उणा असल्याची कबुली देऊन मोकळे झाले. खुद्द रोमन माणूसही बोलताना एकोणिसाला 'उन्देविगिन्ती', म्हणजे विसातून एक कमी, असेच म्हणत असे. घोटाळा होतो तो लिहिताना. माझ्या वर्गातील एका चुणचुणीत मुलाने एकोणपन्नास हा आकडा 'आयएल' असा लिहिला, मी त्यावर तांबडी फुली मारली, आणि तो उभा राहून म्हणाला, "गुर्जी, एकोणपन्नास म्हंजे एक कमी पन्नासच ना? मंग काहून चुकलं?" त्याचे म्हणणे मराठीत निर्विवाद बरोबर होते, केवळ रोमन नियमांत ते बसत नव्हते. एकोणपन्नास लिहावयाचे ते 'एक्सएल आयएक्स', म्हणजे आधी चाळीस आणि मग नऊ.

हा नियम त्या मुलाला मी महसूल खात्याच्या साहाय्याने समजावला, आणि वाचकांसही तोच मार्ग सुचवितो. आय हा तलाठी समजावा. त्याने मंडळ अधिकाऱ्यापुढे, म्हणजे व्हीपुढे, उभे राहावे. फार तर तहसीलदारापुढे, म्हणजे एक्सपुढे, जावे. पण थेट प्रांतसाहेबांपुढे, म्हणजे एलपुढे, जाऊन उभे राहण्याची त्याची प्राज्ञा नाही. एक्सने एल आणि सीपुढेच जावे, सीने डी आणि एमपुढेच. व्ही, एल आणि डी हे स्वतः कोणाहीपुढे झुकत नाहीत, आणि एकाच संख्येत दोनदा उपस्थितही होत नाहीत. बाकीचे एकापाठोपाठ तीनदा येऊ शकतात, चौथ्यांदा नाही. शिरस्त्याचे हे कोष्टक त्या मुलास तत्काळ उमगले, कारण त्याच्या वडिलांचा फेरफार त्या सुमारास कचेरीत अडकलेला होता.

चौथ्यांदा नाही, असे मी म्हटले खरे. पण आमच्या तीर्थरूपांच्या लंबकाच्या घड्याळात चाराच्या जागी चार उभ्या काठ्या आहेत. ते शुद्ध करून घ्यावे या हेतूने मी घड्याळ काखोटीस मारून बाजारातील घड्याळजीकडे गेलो आणि तबकडीवरील दोष त्याच्या निदर्शनास आणून दिला. त्याने डोळ्याला भिंग लावले, तबकडीऐवजी माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "गुर्जी, माह्या आज्यानं हे उघडलं, माह्या बापानं उघडलं. चार वाजता टोले चारच पडतात ना? मंग काठ्या चार असल्या तं तुमाले काय तरास?" पुढे कळले की बहुतेक रोमन तबकड्यांवर चार असाच लिहितात, आणि समोरच्या आठाच्या भरगच्च आकड्याशी तोल साधावा म्हणून, असे त्याचे एक कारण सांगतात. तात्पर्य, जो नियम विद्यार्थ्याला लागू आहे तो घड्याळाला नाही. काठ्यांचे आपणांस वावडे असण्याचे कारणही नाही : आमच्या आजोबांच्या दफ्तरात चार या आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे सव्वाचार, दोन म्हणजे साडेचार आणि तीन म्हणजे पावणेपाच असा हिशोब असे, आणि तो शिकवायला कोणी रोमहून आला नव्हता.

ज्यांना वर्षे लिहावयाची आहेत त्यांनी आधी पेंटरचा दर विचारावा, कारण तो अक्षरावर असतो. वाशिम जिल्हा इंग्रजांनी १९०५ मध्ये मोडला, ते वर्ष 'एम सीएम व्ही' अशा चार अक्षरांत लिहून होते. तोच जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा उभा राहिला, आणि त्या वर्षाला नऊ अक्षरे लागतात. मोडणे नेहमीच स्वस्त असते. ज्यांच्या पूर्वजांनी १८८८ साली वाडा बांधला असेल त्यांनी चौकटीचा नाद सोडावा. तेरा अक्षरे लागतात आणि दिंडी दरवाजा तेवढा रुंद नसतो.

येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. वाशिम हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतील दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट येथेच सापडला आणि १९३९ साली विद्वानांसमोर आला. राजाने ब्राह्मणांना गाव दिल्याची ती सनद असून तीवर त्याच्या राज्यकालाचे ३७ वे वर्ष नमूद आहे. रोमन कारकुनाने सदतीस लिहिला असता तर त्याला सहा अक्षरे खोदावी लागली असती. त्या काळच्या ब्राह्मीत तिसाला एक व साताला एक, अशा दोन चिन्हांत काम भागते. शून्य त्या पद्धतीतही नव्हते, पण तांबे वाचत होते. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या यज्ञातील दक्षिणेचे हजारोंचे आकडे याच रीतीने खडकात खोदलेले आहेत. गाई मोजणाऱ्याला काठ्या ओढीत बसावे लागले नाही.

वर्गांच्या पाट्यांविषयी मात्र सावधगिरीचा इशारा द्यावयास हवा. माझ्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगसफेदी झाली, शिपायाने पत्र्याच्या पाट्या उतरवून पुन्हा टांगल्या, आणि जूनमध्ये नववीची मुले अकरावीत बसलेली आढळली. कारण नववीचा 'आयएक्स' उलटा टांगला की बिनचूक 'एक्सआय' होतो. शाळा दहावीपर्यंतच होती. तपासणीस आलेल्या साहेबांनी अकरावीची मान्यता केव्हा मिळाली अशी पृच्छा केली, मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले, मी पाटीकडे पाहिले, आणि शिपायाने स्टूल आणले. दहावीच्या पाटीला हे भय नाही. ती सुलटी, उलटी, कशीही टांगा, दहावी ती दहावीच राहते, याची ग्वाही कोणताही पालक देईल.

आता मूळ विषय. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. महसुलाच्या इंग्रजी दफ्तरात हे दोन्ही क्रमांक रोमन अंकांतच लिहीत, आणि सातबारा हा आपला अस्सल मराठी शब्द त्या रोमन जोडीच्या पोटी जन्मला. परंतु हाच सातबारा एखाद्या खऱ्या रोमन पटवाऱ्याच्या हाती पडला असता तर त्याने त्यास अपूर्णांक समजून वाचले असते. रोमनांचे अपूर्णांक बाराच्या हिशोबात चालत, आणि सात-द्वादशांशाला त्यांच्याकडे 'सेप्टुंक्स' असे स्वतंत्र नाव होते. लिहावयाचे ते अर्ध्याचा 'एस' आणि पुढे एक ठिपका. म्हणजे वारसांच्या नोंदी, सोसायटीचा बोजा, सामाईक विहिरीतला हिस्सा आणि बांधावरचे निंबाचे झाड, सारे एका एसमध्ये आणि एका ठिपक्यात आटोपले असते. 'क्षेत्र शून्य हेक्टर एक्याऐंशी आर' हे मात्र त्याला कदापि लिहिता आले नसते. शून्यापाशी त्याचा बोरू थांबला असता आणि आमचे दोन एकर कायमचे त्याच्या मुलखात गेले असते.

हे सर्व स्वानुभवाने पडताळावे म्हणून मी एका तलाठी कचेरीत नकलेचा अर्ज केला आणि गट क्रमांक ८८ रोमन अंकांत लिहिला : एल, एक्सएक्सएक्स, व्ही, आयआयआय, मिळून आठ अक्षरे. तेथील तरुण लेखनिक माझाच विद्यार्थी निघाला. त्याने अर्ज दोनदा वाचला, खिडकीकडे धरून पाहिला, आणि अदबीने विचारले, "गुर्जी, हे नवीन खातेदाराचं नाव व्हय का?"

मी त्यास आरंभापासून सर्व समजावून सांगितले. त्याने पूर्ण ऐकून घेतले, कारण मागे रांग लांब असली तरी संस्कार शिल्लक होते. मग कानावरची पेन्सिल काढून माझ्या आठ अक्षरांशेजारी बारीक अक्षरात ८८ लिहिले, वही पुढे ओढली आणि सुटे पैसे आहेत का म्हणून विचारले.