पापणीबाई, कामावर हजर व्हा

पापणीबाईंस,
स. न. वि. वि.

आमचे चिरंजीव नववीत आहेत. त्यांच्या डोळ्यांवर आपली नेमणूक जन्मापासूनची. काम साधं: मिनिटाला पंधराएक वेळा खाली यायचं, डोळ्यावरून ओला हात फिरवायचा, वर जायचं. परवा रात्री चिरंजीव कॉटवर आडवे, मोबाइल नाकापासून वीतभर. मी घड्याळ लावून आपली हजेरी घेतली. मिनिटाला पाच! त्यातही दोनदा अर्ध्या वाटेतूनच परत. मग पोरगं मुठीनं डोळे चोळतं, वाळू गेल्यासारखं वाटतंय म्हणतं, आणि आमच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात थेंबांची बाटली येऊन बसते.

वाढलेल्या नंबराचा ठपकाही आपल्यावरच ठेवणार होतो. गेल्या जूनमध्ये उणे दीड, यंदा उणे अडीच. पण डॉक्टरीणबाईंनी आपली बाजू घेतली. म्हणाल्या, कोरडेपणा पापणीच्या खात्यावर मांडा, नंबर नाही. वाढत्या वयात सतत जवळचं बघितलं आणि बाहेरचा उजेड मिळाला नाही, की अख्खा डोळाच मागे लांबत जातो. मिलिमीटरभर लांबला तरी नंबर अडीच-तीननं चढतो, आणि लांबलेला डोळा काही पुन्हा आखूड होत नाही.

मी निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांचं विचारलं. (दुकानदारानं त्याचे बाराशे रुपये जास्त सांगितले होते.) "त्यानं नंबर थांबत नाही. त्या पैशांत बॅट घ्या," बाई म्हणाल्या. "रोज दोन तास बाहेर. घरात दिवे लावून जेमतेम पाचशे लक्स उजेड मिळतो, बाहेर उन्हात दहा हजारांच्या वर."

घरी येऊन आपल्याविरुद्ध पुरावा शोधायला जुने व्हिडिओ काढले, तर हात दाखवून अवलक्षण! चिरंजीव दोन वर्षांचे, समोर मोबाइल, तोंडात वरणभात, आपण ढिम्म. घास भरवणारा हात माझा. मागून आवाजही माझाच: "बघ, कसा शहाण्यासारखा जेवतोय!"

तरी नियम तो नियम. गैरहजेरीबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा द्यावा. दरम्यान चिरंजीवांना संध्याकाळी खाली पाठवायचं ठरलं आहे. खाली म्हणजे सोसायटीच्या आवारात, जिथे 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावली आहे.

कळावे,
सचिव, गृहनिर्माण संस्था

ता. क. पाटीखालची सही माझीच आहे.