सव्वा तोळ्याची करंजी

टेक्सासला भाच्याकडे तीन महिने राहायला गेलो, तेव्हा गॅरेजमध्ये मोटार असते अशी माझी भाबडी समजूत होती. मोटार बाहेर उन्हात तापत होती. आत एक दणकट टेबल, त्यावर हातपंपासारखा दांडा असलेलं यंत्र आणि कोपऱ्यात रात्रभर घरघरणारं एक भांडं. त्यात मक्याच्या कणसाच्या भुशात रिकाम्या पुंगळ्या घोळत होत्या. "मामा, पितळ घासतोय," भाचा म्हणाला. याच पोराला लहानपणी आजीने तांब्या घासायला चिंच दिली, तर त्याने ती खाल्ली होती.

छंद असा: पिस्तुलातून उडालेल्या पुंगळ्या वेचून आणायच्या, साच्यात दाबून पुन्हा मापात आणायच्या, बुडाची जुनी टोपी काढून नवी बसवायची, तोंड किंचित फुलवायचं, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची आणि फुलवलेलं तोंड परत मिटवायचं. पिस्तूल 1911 मॉडेलचं, पॉइंट फोर्टी-फाइव्ह; मूळ डोकं जॉन ब्राउनिंगचं. गोळी 230 ग्रेनची. ग्रेन म्हटल्यावर मी जागा झालो. आमचे आजोबा सांगलीत सराफाच्या पेढीवर होते. इंग्रजी अमदानीतला तोळा 180 ग्रेनचा. म्हणजे ही गोळी सव्वा तोळ्याची! आणि तिला उडवणारी दारू अडीच-तीन गुंजा. तेवढ्या सोन्यात जेमतेम एक चमकी होते.

"घरी भरलं की स्वस्त पडतं," भाच्याचं म्हणणं. यंत्र, तराजू आणि साचे त्याने हिशेबात धरलेच नव्हते. शिवाय स्वस्त पडतं म्हणून तो दुप्पट उडवतो.

पर्यटक व्हिसावर आलेल्याने बंदूक हाताळायची नाही, असा तिथला केंद्रीय कायदा. शिकारीचा परवाना असला तर गोष्ट वेगळी. पण मी सांगलीत डासही धड मारत नाही. तेव्हा माझ्या हाती नोंदवही आली.

पहिल्याच रविवारी रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता खिडकीत उभीच्या उभी अडकली. तिकडे याला स्टोव्हपाइप म्हणतात. दिसतंही अगदी धुराड्यासारखं. भाच्याने आधी स्प्रिंगला दोष दिला, मग पुंगळी ओढणाऱ्या आकड्याला. मी वही उघडली: 'दारू – पुस्तकातला सर्वांत खालचा आकडा.' वरची स्लाइड पुरती मागे जायलाच जोर नव्हता. घराण्याची काटकसर सातासमुद्रापार पोचली होती. पुस्तकाच्या मर्यादेत राहून त्याने दारू किंचित वाढवली, आणि पुंगळ्या शेजारच्या माणसाच्या टोपीवर पडू लागल्या. (बार फुसका वाजला, तर मात्र तिथेच थांबायचं. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी सोडली तर नळी फुटते. एवढ्या एका बाबतीत भाचा कुणाला थट्टा करू देत नाही.)

पुढच्या रविवारी नवं दुखणं: काडतूस नळीत पुरतं बसेना, स्लाइड जराशी उघडीच राही. भाच्याने मॅगझिन, गोळी आणि काडतुसाची लांबी, तिन्ही एकदम बदललं. संध्याकाळी गॅरेजमध्ये चहा घेऊन आलेली ही म्हणाली, "अरे, एका वेळी एकच बदल. सुई, दोरा, ताण तिन्ही हलवलंस, तर टाका कशानं सुटतो ते कळेल का?" चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेली बाई. तिने चष्मा लावला, हात न लावता वाकून पाहिलं. "याचं तोंड नीट मिटलेलं नाही. अशी करंजी मी तुपात सोडणार नाही."

भाच्याने पिस्तुलाची नळी काढून त्यात काडतूस टाकलं. ते 'टप्' वाजून खाली बसायला हवं आणि बोटाने सहज फिरायला हवं. ते अर्ध्यातच रुसलं. मग मिटवणारा साचा त्याने जरासा खाली घेतला. फारही नाही, कारण या काडतुसाचा नळीतला टेका त्या काठावरच असतो. काठ आत वळवला तर वेगळंच दुखणं.

तिसऱ्या रविवारी पन्नासपैकी पन्नास वाजली. वहीत 'बिघाडाचं कारण' या रकान्यात मी लिहिलंय: मुरड कच्ची. भाच्याने खोडलेलं नाही.