शिव्या शाबूत आहेत

नागपूरच्या मनीषनगरात कंपाउंडची भिंत खांद्याएवढीच का ठेवतात, ते आमच्या शेजारच्या काकूंना विचारावं. कपडे वाळत घालताना त्या अख्ख्या गल्लीची खबर घेतात. त्या दिवशी मात्र मीच सुरुवात केली.

“काय करून राहिल्या काकू? मघाशी काकांचा आवाज आला नं. चांगले खणखणीत बोलले!”

“बोलले नाही बाई, शिवी दिली. टाकी भरून वाहत होती, मोटर कोणी बंद करेना. पूर्ण शिवी निघाली तोंडातून, अगदी स्पष्ट! अन् तहान लागली तर ग्लासाकडे बोट दाखवून म्हणतात, ‘चप्पल’.”

“बाप्पा! असं काहून?”

“मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद झाला. म्हणून उजवा हात-पाय गेला अन् बोलणंही. त्यांना समजतं बरंच, शब्द सापडत नाही. पण जन्मभर घोकलेलं आपोआप निघतं म्हणे. एक ते दहा आकडे, मारुती स्तोत्र, शिव्या. परवा भीमरूपी सुरू करून दिली, तर शेवटपर्यंत म्हणाले. मीच मध्ये विसरली.”

“ते रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन नाही दिलं का?”

“साडेचार तासांच्या आत द्यावं लागते. यांना झोपेतच झालं, कधी ते कोणाला माहीत? दवाखान्यात जायला वर्षानुवर्षं रेल्वेच्या फाटकावर ताटकळलो, 2020 मध्ये पूल झाला. पण लकवा काही पूल पाहून येत नाही.”

“सासूबाई म्हणत होत्या, राजस्थानात बुटाटीच्या देवळात न्या. सात दिवस राहून परिक्रमा करायच्या.”

“नेईन नं, देवाशी माझं भांडण नाही. पण सुधारणा पहिल्या काही महिन्यांतच जोरात होते. तेव्हा व्यायाम सोडून रेल्वेत बसू का? अन् तिथं कोणी बीपीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर? तुमच्या सासूबाई परवडल्या. एक पाहुणे तर कबुतराचं रक्त चोळा म्हणून सांगून गेले. मी म्हटलं, कबुतरं सगळी घेऊन जा, पण रक्त नको.”

“भेटायला येतात खूप लोक, नाही?”

“येतात, अन् यांच्यासमोर मलाच विचारतात, ‘ओळखतात का?’ अरे, समोर बसले आहेत, त्यांनाच विचारा की! थोडं थांबा, उत्तराला वेळ लागते. कोणी कानाशी ओरडतात. कान चांगले आहेत त्यांचे. परवा जावईबापूंनी उठवायला उजवाच हात ओढला. मी ओरडली! लुळ्या हाताचा खांदा सटकायला वेळ नाही लागत. कमरेला पट्टा बांधायचा अन् तो धरून उठवायचं. शर्ट घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. हे यायलाच कितीक दिवस गेले.”

“खाण्याचं कसं?”

“घट्ट वरण, मऊ भात. पातळ प्यायलं की ठसका लागतो. चहासुद्धा ताठ बसवून, पावडरनं घट्ट करून, चमच्यानं. संत्र्याचा रस सध्या बंद. नागपूरच्या माणसाला, सांगा!”

आतून हाक आली. मला नीट ऐकू आली नाही.

“काय म्हणाले?”

“‘मॅनेजर.’ बँकेत होते नं. कालपर्यंत मला ‘शिपाई’ म्हणत होते. प्रमोशन झालं माझं. आली हो साहेब!”