टक्के आणि एस्टी

13 मे 2025 ला दुपारी एकला दहावीचा निकाल लागला, तेव्हा घरात मोबाइल तीन होते आणि रेंज एकालाच होती. तो मोबाइल घेऊन लेक गच्चीवर गेली आणि ओरडतच खाली आली. 91.40 टक्के! राज्याचा निकाल 94.10 लागला होता. "म्हणजे राज्याला हिच्यापेक्षा जास्त पडले," असं मी म्हणालो आणि त्या दिवशीचा माझा पेढा गेला.

आमच्या मुरबाडात पाऊस पडतो आणि मार्कही पडतात. दोन्ही किती पडले ते शेजारीच मोजतात. "किती पडले?" या प्रश्नाला उत्तर देता देता माझा घसा बसला.

या टक्क्यांची घडणही सांगायला हवी. 2010 पासून आपल्याकडे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आहे. सहापैकी ज्या विषयानं दगा दिला, तो हिशेबात धरायचाच नाही. माझ्या वेळी ही सोय असती तर मी इंग्रजी वगळलं असतं, गणित वगळलं असतं, विज्ञानही. "पण मग पाच उरायला नकोत का?" असं बायको म्हणाली. मला बावन्न टक्के होते. तेवढ्यावर हेडमास्तरांनी स्वतःच अकरावीच्या रजिस्टरात माझं नाव लिहून टाकलं होतं. पसंती विचारली नव्हती.

लेकीच्या 457 गुणांत पाच गुण चित्रकलेचे आहेत. इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रात तिनं म्हशाच्या जत्रेतला बैलबाजार काढला होता. ब श्रेणी मिळाली, म्हणजे पाच गुण, म्हणजे अख्खा एक टक्का. "अभ्यास बुडतो" म्हणून त्या जत्रेला मी तिला नेत नव्हतो. आजीनं चोरून नेलं होतं. तो टक्का आजीचा की बैलांचा, यावर घरात अजून वाद आहे.

त्या वर्षीपासून अकरावीचे प्रवेश साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. अर्जाचा भाग एक, भाग दोन आणि कॉलेजांच्या दहापर्यंत पसंत्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की घ्यायचंच. नाही घेतलं तर नियमित फेऱ्यांतून बाहेर. ही कसली पसंती, हा तर साखरपुडा!

डोंबिवलीचा मेहुणा म्हणाला, "दाजी, पहिलं माटुंग्याचं टाका. मागच्या वर्षीच्या कट-ऑफमध्ये बसते ती." घरातल्या सगळ्यांनी माना हलवल्या. राज्यात अकरावीच्या जागा 21 लाखांच्या आसपास आणि दहावी पास झालेली पोरं त्याहून कितीतरी कमी, तरी सगळ्यांना माटुंगाच हवं असतं, मग आम्हीच का मागे राहायचं? मी बोट कळीवर ठेवलं, तोच आईनं सुपारी कातरता कातरता विचारलं, "आणि गाडी किती वाजता?"

सगळे गप्प.

मुरबाडला रेल्वे नाही. म्हणजे निवडणुकीत येते, पण थांबत नाही. पहाटेची एस्टी पकडायची, कल्याणपर्यंत तासभर, पुढे लोकलनं आणखी तासभर, तेही चढता आलं तर. संध्याकाळी हेच उलटं. पावसाळ्यात तर सकाळची निघालेली पोर रात्रीच्या जेवणाला येईल की नाही याचा भरवसा नाही. आईनं कागद मागवला. ज्या कॉलेजातून सुटून दिवेलागणीच्या आत घरी पोचता येत नाही, ते खाली. तासाभरात आमची गुणवत्ता यादी तयार झाली. माटुंगा दहावं आलं. कल्याण पहिलं.

मेहुणा हळहळला, "अहो, एवढ्या टक्क्यांचं काय मग?"

"टक्के तिचेच आहेत," आई म्हणाली. "एस्टी आपली नाही."

पहिल्याच यादीत कल्याण मिळालं. आता ती रोज पहाटे निघते. एस्टीत तिच्या शेजारी सरळगावाकडून येणारा एक पोरगा बसतो, दहावीला 58 टक्के, कल्याणलाच, दुसऱ्या कॉलेजात. विद्यार्थी पासात एस्टी 66.67 टक्के सवलत देते; बोर्डानं दिले त्यापेक्षा मला एस्टीनं जास्त दिले, असं तो सांगत असतो. आधीच्या थांब्यावर चढत असल्यानं खिडकीही रोज त्याचीच असते.

आमच्या 91.40 ला ती अजून मिळालेली नाही.