इंजिनाची भूक

गाडीची ताकद वाढवायला हल्ली पाना हातात घ्यावा लागत नाही. लॅपटॉप जोडायचा, इंजिनाच्या संगणकातली गणितं बदलायची, टर्बोला जरा जास्त हवा कोंबायला सांगायचं, झालं. याला रिमॅप म्हणतात. भाच्याने आपल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसवर हा प्रयोग केला आणि बरेच दिवस त्याचे पाय जमिनीवर नव्हते. मग एक दिवस म्हणाला, "मामा, आता मोठा टर्बो टाकतोय." तिथून पेट्रोलचं पुराण सुरू झालं.

हवा काय, फुकट आहे. तिच्या प्रमाणात पेट्रोल पोचवायचं, तिथे सगळी गोम. जुन्या पद्धतीच्या इंजिनात पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे, बाहेरच फवारलं जायचं. तीन-चार बार दाब पुरायचा, कारण वेळेची ददात नव्हती. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टरचं तोंड थेट सिलिंडरात. 6000 आरपीएमला इंजिनाचा एक फेरा 10 मिलिसेकंदांत होतो आणि त्यातले जेमतेम पाच-सहा पेट्रोलच्या वाट्याला येतात. पंगत बसण्याआधी पानं वाढून ठेवायची सोय गेली. आता मंडळी बसून उठायच्या आत वाढप्याने मिठापासून जिलबीपर्यंत सगळं वाढायचं! म्हणून दाब लागतो 150 ते 200 बार. टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो, यावरून अंदाज करा.

हा दाब तयार करतो तो मुठीएवढा हाय प्रेशर पंप. कॅमशाफ्टवरचे उंचवटे त्याच्या दट्ट्याला ढोसत राहतात. दट्ट्याचा व्यास दहा टक्क्यांनी वाढवला की पेट्रोल एकवीस टक्के जास्त मिळतं. पण कॅमशाफ्टवरचा भारही तितकाच वाढतो. बरं, या पंपाला पेट्रोल देतो टाकीतला पंप, म्हणजे तोही मोठा हवा. मग इंजेक्टर. दर वेळी भाच्याचा फोन, "मामा, ही शेवटची गोष्ट." सोनाराच्या दुकानातही इतक्या शेवटच्या गोष्टी मी ऐकलेल्या नाहीत.

त्याने मला एक आलेख दाखवला. एक रेषा संगणकाने मागितलेल्या दाबाची, दुसरी प्रत्यक्ष मिळालेल्या दाबाची. साडेचार हजार आरपीएमपर्यंत दोघी गळ्यात गळे घालून चाललेल्या. पुढे पहिली सरळ जाते आणि दुसरी मान टाकते. तिथे मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, सिलिंडरात खडखडाट सुरू होतो. संगणक शहाणा असला तर ताकद काढून घेतो. त्यालाही गप्प बसवलेलं असेल, तर पिस्टन वितळतो.

त्यात आपलं ई-20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त नऊ. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतायचं. गंमत अशी की ट्यूनिंगवाल्यांना इथेनॉल प्रिय: ऑक्टेन जास्त, शिवाय वाफ होताना सिलिंडर गार करतं. आपल्या उसाच्या मळीला असे चाहते लाभतील, असं कुठल्या कारखान्याच्या चेअरमनला वाटलं असेल?

डायरेक्ट इंजेक्शनचं तंत्र तसं जुनंच. 1954 च्या मर्सिडीज 300 एसएलमध्ये ते होतं; चावी बंद केल्यावरही इंजिन पुरतं थांबेपर्यंत तिचा पंप पेट्रोल सोडत राहायचा आणि ते ऑइलमध्ये उतरायचं. आजच्या इंजिनांची तऱ्हा वेगळी. इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे त्यावर काजळी धरते आणि ती काढायला अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या झोताने मारतात. आमच्याकडे अक्रोड अजून मोजूनच मिळतात.

एवढं करून ही गाडी धावणार कुठे, हे मी विचारत नाही. पुण्यातले स्पीडब्रेकर त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. मात्र कुणाला हा नाद करायचाच असेल, तर क्रम उलटा धरा: आधी टाकीतला पंप, मग हाय प्रेशर पंप, मग इंजेक्टर आणि टर्बो सगळ्यांत शेवटी. खरेदीला निघण्याआधी पूर्ण थ्रॉटलवरचा दाबाचा आलेख तेवढा काढून घ्या. या साऱ्या प्रकारात स्वस्तात होण्यासारखं तेवढं एकच काम आहे.