सहलीचा मुकादम

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. मुंबईची जकात, म्हणजे शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावरील कर, चुकवता यावी म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेरची पण हाताशी असलेली जागा हेरली, भाताच्या खाचरांवर गाळे उभे राहिले, आणि २०१७ मध्ये जकात गेली तरी गाळे गेले नाहीत. अशा गावात माणसाचा जो एक खास नमुना घडतो, त्याला ‘सहलीचा मुकादम’ असे नाव देता येईल. मुकादम म्हणजे माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या माथाडींच्या टोळीचा प्रमुख. हा गृहस्थ नोकरीने केवळ गाळ्यावरचा सुपरवायझर असतो, परंतु वर्षातून एकदा, थंडी सरता सरता, आळीतील बावीस माणसांना लाँचने घारापुरीला नेताना त्याची मुकादमी पूर्ण तेजाने प्रकट होते.

या प्रकाराचे मुख्य लक्षण असे की, त्याला माणसे दिसत नाहीत, नग दिसतात. नग हे मोजदादीचे एकक असून ते खोक्याला जसे लागू पडते तसेच सासूबाईंनाही लागू पडते. पहिली मोजणी अंजूरफाट्यावर, दुसरी ठाण्याच्या फलाटावर, तिसरी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर आणि चौथी गेटवेच्या धक्क्यावर होते. “अरे, आम्ही काय पळून जाणार आहोत का?” असे एखाद्या आत्याने विचारलेच, तर माल कधीच पळत नाही, तरीही तो कमी भरतो, हे सत्य तो तिला शांतपणे सांगतो. लाँचमध्ये बसवण्याचे कामही तो थप्पीच्या, म्हणजे माल एकावर एक रचण्याच्या शास्त्रानुसार करतो. जड नग खाली व हलके वर, हा त्या शास्त्राचा पहिला नियम. वरच्या मजल्यावर बसायला जादा पैसे पडत असल्यामुळे मात्र त्याच्या हिशेबात पाच वर्षांचे पोरही जड ठरते.

सुमारे दहा किलोमीटरच्या आणि तासाभराच्या या प्रवासात उन्हाने समुद्र चकाकत असतो, मंडळी कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या उधळत असतात, आणि हा डब्यांची झाकणे तपासत असतो. घारापुरीची लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असली, तरी त्रिमूर्तीपेक्षा त्याला त्या दगडी हत्तीविषयी अधिक आस्था वाटते, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ मध्ये इंग्लंडला धाडण्यासाठी उचलताना हा हत्ती फुटला आणि जोडून घेतल्यावर अखेर भायखळ्यात उभा राहिला. त्यामुळे बेटाच्या साऱ्या इतिहासात त्याला एकच गोष्ट बोधप्रद वाटते, ती म्हणजे चढवतानाची मोडतोड.

बेटाच्या किनाऱ्याने पाण्याच्या कडेकडेने पायी फेरी मारणे हा सहलीचा कळसाध्याय असतो, आणि मुकादमाची गाठ त्याच्याहून मोठ्या यंत्रणेशी पडते ती येथेच. सात दिवस आधीच्या रविवारी तो स्वतः पाहणी करून गेलेला असतो. त्या दिवशी अष्टमी असते, समुद्राला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचा काळ, असतो आणि दुपारी बाराला ओहोटी असल्याने वाट उघडी असते. वहीत ‘१२.०० किनारा मोकळा’ अशी नोंद होते. परंतु भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तासांनी. त्यामुळे पुढच्या रविवारी, पौर्णिमेच्या उधाणात, म्हणजे मोठ्या भरतीच्या काळात, बरोबर बारा वाजता पाणी थेट खारफुटीच्या फांद्यांना टेकलेले असते. कोळ्याच्या घरातले पोरही जे तिथीवरून सांगेल, ते गोदामाच्या संगणकात नसते.

रोज पन्नास मिनिटे उशिरा येणारा आणि तरीही ज्याचा एका दिवसाचाही पगार कापता येत नाही, असा हा एकच कामगार त्याच्या पाहण्यात आलेला असतो. तो काही वेळ पाण्याकडे, काही वेळ घड्याळाकडे पाहत उभा राहतो. तेवढ्यात मंडळी चिंचेच्या सावलीत डबे सोडतात, एक माकड भाकऱ्यांचे गाठोडे लांबवते, आत्या काकडी विकणाऱ्या बाईशी तिच्या माहेरची चौकशी करत बसते, आणि नियोजनात कुठेच नसलेला हा दीड तास सहलीतला सर्वांत सुखाचा ठरतो, याची नोंद त्याच्याखेरीज सर्वजण घेतात.

रात्री दापोड्यात शेवटची मोजणी होते. बावीसपैकी बावीस नग सुस्थितीत पोचल्याचे पाहून तो वही मिटण्यापूर्वी दोन ओळी लिहितो. पहिली मोडतोडीच्या रकान्यात जाते: ‘भाकरी १ गाठोडे, माकडाकडे जमा.’ दुसरी शेऱ्याच्या रकान्यात जाते: ‘समुद्र हजर. वेळेबाबत समज देण्यात आली.’