पटाबाहेरचे विद्यार्थी

शिक्षणखात्याच्या धर्मशास्त्रात उपस्थितीइतके थोर पुण्य दुसरे नाही, आणि त्या दृष्टीने भिवंडीच्या शाळांतील सर्वांत पुण्यवान विद्यार्थी कोण हे जाणून घ्यावयाचे असेल तर हजेरीपत्रक उघडण्याचे प्रयोजन नाही; मान वर करून छताच्या पंख्याकडे पाहावे. त्याच्या पात्यांच्या कडांना जी राखाडी लव धरलेली दिसते ती शेजारच्या यंत्रमागांवरून उडून आलेली कापसाची धूळ होय; ती प्रार्थनेपूर्वी वर्गात येते, मधल्या सुट्टीत बाहेर पडत नाही, आणि शाळा सुटल्यावरही घरी जाण्याची घाई करीत नाही. शांतीनगर असो, गैबीनगर असो वा पद्मानगर, जिथे भिंतीच्या अलीकडे बाराखडी आणि पलीकडे मागांचा खडखडाट चालतो तिथे तिला ना जन्मदाखल्याची अट, ना वयाची. मुलांसाठी मराठी, उर्दू, तेलुगू अशी माध्यमे वेगवेगळी झाली. ही सर्व माध्यमांत सारख्याच सहजतेने वावरते.

तिचे सहाध्यायीही तितकेच नियमित. बस्करपट्ट्यांच्या विणीत, पावसाळ्याच्या दमट हवेत तर विशेषच, डोळ्यांना न दिसणारे धूलिकीटक संसार थाटतात. कपाटामागे झुरळे असतात. आणि तांदळाच्या पोत्यांच्या आश्रयाला उंदीर. १५ ऑगस्ट १९९५ रोजी माध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली ती मुलांच्या पोटासाठी, आणि तिच्या थोरवीविषयी आमचा यत्किंचितही वाद नाही. परंतु धान्य आले की मूषकही येणार, हे समजण्यास समिती नेमावी लागू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाने तर कचेरी, कोठार आणि मुख्याध्यापकांची बैठक ही एकाच खोलीत असण्याची मुभा दिली असल्याने मुख्याध्यापक, दप्तर, तांदूळ आणि उंदीर यांचे सहजीवन आता सर्वस्वी सनदशीर झाले आहे. त्याच परिशिष्टात कुंपणाची भिंत आहे, क्रीडांगण आहे, प्रसाधनगृह आहे, पिण्याचे पाणी आहे. श्वासाच्या हवेचा उल्लेख तेवढा नाही.

उंदराच्या मूत्रातील प्रथिन वाळून धुळीत मिसळते, झुरळाची विष्ठा आणि कवचाचा भुगाही तसाच मिसळतो, आणि सकाळी शिपाई कोरड्या झाडूने वर्ग स्वच्छ करतो तेव्हा रात्रभर खाली बसलेले हे सारे द्रव्य उठून पहिल्या तासाला हजर होते. बाळदमा असलेल्या मुलाच्या श्वासनलिका त्याने सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, आणि आत घेतलेला श्वास बाहेर सोडताना छातीत शीळ वाजू लागते. अशी मुलगी ओळखणे अवघड नाही: ती दोन्ही तळहात बाकावर टेकून, खांदे वर ओढून, ओठ किंचित उघडे ठेवून बसते, नवाचा पाढा सत्तावीसवर तुटतो, आणि गुरुजी प्रेमानेच म्हणतात, "बाळ, एका दमात म्हण पाहू!" तिचा पंप घरी फडताळात असतो, कारण पंपाची सवय लागते असे शेजारच्या काकूंनी आईला बजावलेले असते. पुढचे तीन दिवस ती गैरहजर, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: आजारी. धुळीच्या नावापुढे असा शेरा कधी पडलेला नाही.

अमेरिकेच्या ईशान्येकडील एका शहरातील विद्वानांनी ३७ शाळांतील २८४ दमेकरी मुलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. शाळांतून गोळा केलेल्या धुळीच्या ४४३ नमुन्यांपैकी ४४१ मध्ये उंदराचे ते प्रथिन सापडले, आणि जिथे ते अधिक तिथे मुलांची लक्षणे अधिक व फुप्फुसांची शक्ती कमी असे आढळले. पुढे २०२१ साली तिथेच वर्गात हवा गाळणारी यंत्रे बसवून आणि उंदीर-झुरळांचा बंदोबस्त करून पाहिले, तेव्हा लक्षणांच्या दिवसांत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. पहिला निष्कर्ष आमच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचण्यास किती वर्षे लागतील ते सांगवत नाही. दुसरा मात्र परवाच्या टपालाने येईल आणि झाडू ओला करण्याच्या प्रस्तावावरही हरकत म्हणून डकवला जाईल.

शासन अगदीच उदासीन आहे असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ २०१३ साली पालघरला, म्हणजे तेव्हाच्या आमच्याच ठाणे जिल्ह्यात झाला, आणि त्याच्या मूळ तीस विकारांच्या यादीत श्वासनलिकेच्या या विकारालाही स्थान आहे. तपासणीचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते, आणि दम्याने त्या दिवशी उपस्थित राहावे अशी अपेक्षा असते. हैदराबादेत मृगाच्या प्रारंभी दमेकऱ्यांना जिवंत मासा गिळवतात. त्याने गुण येतो असे शास्त्राने सिद्ध केलेले नाही, पण तिथेही वर्षातून एकच दिवस असल्याने आमच्या पद्धतीला निदान परंपरेचा आधार आहे असे म्हणता येईल.

खरी सोय कामगाराची. कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नावानिशी नोंदलेला आहे. परिशिष्टातील नाव आणि हातातील रक्कम यांमधील अंतर भिवंडीच्या मागवाल्याला कोणी सांगावयास नको, पण नाव तरी आहे. भिंतीपलीकडे तीच धूळ हुंगणाऱ्या त्याच्या मुलीचे नाव कुठल्याच परिशिष्टात नाही, कारण ती मस्टरवर नाही. म्हणून आमची नम्र सूचना अशी की शांतीनगरापासून पद्मानगरापर्यंतच्या समस्त विद्यार्थ्यांची नावे जवळच्या यंत्रमाग कारखान्याच्या मस्टरवर चढवावी, म्हणजे त्यांची फुप्फुसे कायद्याच्या दृष्टीस पडतील. विधी विभागाने हरकत कळवली आहे की चौदा वर्षांखालील बालकास कामावर ठेवण्यास मनाई आहे. हरकत रास्त आहे. मुलीचे वय आठ. तेव्हा आणखी सहा वर्षे तिने ती धूळ विनावेतन घ्यावी, आणि वय पूर्ण होताच जन्मदाखल्याच्या प्रतीसह अर्ज तीन प्रतींत करावा.